आंबेघोलची दुसरी चूल

"आजच्या सूर्योदयाबरोबर या तालुक्यातली प्रत्येक म्हैस स्वतंत्र झाली आहे," आमचे चेअरमन रंगराव घोरपडे यांनी माइकमध्ये सांगितलं, आणि वाक्य लोकांच्या अंगात मुरावं म्हणून ते डोळे मिटून थांबले. तेवढ्यात त्यांच्या मागं सत्कारासाठी उभ्या केलेल्या म्हशीनं मान लांब करून त्यांच्या गळ्यातला झेंडूचा हार खायला घेतला. तिनं सुरुवात मानेमागून केल्यामुळं चेअरमनांना आधी तो एखाद्या कार्यकर्त्याचा प्रेमळ हात वाटला असावा, कारण ते डोळे न उघडता नुसते हसले.

"कोट्याच्या बेड्या आज गळून पडल्या," ते पुढं म्हणाले. एव्हाना हार निम्मा गळून पडला होता. उरलेला त्यांच्यासकट मागं ओढला जात होता.

आंबेघोलच्या मैदानात जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या भाषणाला होत्या की म्हशीला, हे मी अहवालात लिहिलं नाही. म्हैस मगदुमांची होती, काशी नावाची, आणि आण्णा मगदूम तिचं दावं धरून शेजारीच उभे होते. सगळं गाव हसत होतं. आण्णा तेवढे हसत नव्हते. त्यांच्या दुसऱ्या हातात पहार होती, आणि त्यांचं सगळं लक्ष, भाषण कधी संपतंय आणि आपण घरी कधी जातोय, याच्याकडं होतं.

या गोष्टीला पंचवीसएक वर्षं झाली. पण ती सांगायची तर कोटा म्हणजे काय ते आधी सांगायला हवं.

मी तालुक्याच्या दूध संघात सुपरवायझर होतो. पावसाळा सरला की आमच्याकडच्या म्हशी भरभरून दूध द्यायच्या आणि संघाचं दूध थंड करायचं यंत्र, जे चेअरमनांच्या मेहुण्यानं पसंत केलं होतं, ते एवढं दूध पाहून बंद पडायचं. यंत्र मोठं करणं अवघड होतं. त्यापेक्षा दूध लहान करणं सोपं, असं संचालक मंडळाला वाटलं. म्हणून कोटा आला. दूध कुणाचं किती घ्यायचं हे कसं ठरवायचं, यावर खूप खल होऊन शेवटी चेअरमनांनीच तोड काढली. एक चूल, एक कार्ड. एका कार्डावर दिवसाला दहा लिटर. वरचा थेंब संघ घेणार नाही.

नियम जाहीर झाला आणि दिवाळीच्या आत सगळा तालुका वेगळा राहायला लागला. ज्या भावांनी जन्मात एकमेकांना वर तोंड करून उत्तर दिलं नव्हतं, ते स्वयंपाकघरात भिंती घालायला लागले. बाप आणि लेक, सासू आणि सून, एका ठिकाणी तर नवरा आणि बायको. एवढी घरं फोडायला तालुक्यातल्या सगळ्या सासवा एकत्र आल्या असत्या तरी त्यांना जमलं नसतं.

चुली खऱ्या की खोट्या हे तपासायचं काम माझ्याकडं आलं. गाडी घेऊन मी गावोगाव हिंडायचो. परक्या पुरुषानं लोकांच्या स्वयंपाकघरात शिरणं काही बरं दिसत नाही, म्हणून तपासणीची एक रीत आपोआप पडून गेली. मी घराच्या पुढच्या सोप्यावर बसायचं, प्रत्येक चुलीवरचा एकेक कप चहा घ्यायचा, घरातल्या वडीलधाऱ्याला विचारायचं आणि उठायचं. चहा हा पुरावा. आणि संघानं परत पाठवलेलं दूध घराघरांत एवढं साचलेलं असायचं, की त्या काळात मला पाण्याचा चहा कुठं मिळालाच नाही. तपासणीच्या आठ वर्षांत चार वेळा पँटी शिवाव्या लागल्या. प्रत्येक वेळी शिंपी अभिनंदन करायचा.

आता आण्णांकडं येतो.

बाबगोंडा मगदूम हे आंबेघोलचे जुने सभासद. जैन माणूस, दिवस बुडायच्या आत जेवणारा, पायाखाली मुंगी दिसली तर वाट बदलणारा. आणि खोटं न बोलणारा. हे शेवटचं मी नुसतं बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. त्या माणसाला खोटं बोलता येतच नव्हतं. एखाद्याला पोहता येत नाही तसं. एका लग्नाच्या बोलणीत मुलाकडच्यांनी त्यांना, मुलगी कशी आहे, एवढंच विचारलं होतं, आणि ते लग्न मोडलं होतं. तेव्हापासून भावकी त्यांना सोयरिकीच्या बैठकीला बोलवायची नाही.

त्यांना दोन मुलगे. थोरला आदगोंडा, धाकटा तवनाप्पा. थोरली सून राजमती, धाकटी पद्मा. चार म्हशी. एका कार्डावर निम्मं दूध घरात राहणार हे उघड होतं. मुलांनी सुचवलं, की आण्णा, आपणही कागदावर वेगळं होऊ, घरात काय कोण बघायला येतंय. आण्णा म्हणाले, कागदावर वेगळं आणि घरात एक, हे मला जमणार नाही. साहेब विचारणार मलाच. वेगळं व्हायचं तर खरंच व्हा.

आणि त्यांनी मुलांना खरंच वेगळं केलं. स्वयंपाकघराच्या मधोमध आढ्यापर्यंत कच्च्या विटांची भिंत घातली. सोप्यावरून आत जायला एक दार होतं, त्याशेजारी दुसरं पाडलं. पलीकडं पद्मासाठी नवी चूल घातली, तिच्यावर रीतीप्रमाणं दूध उतू घालवलं. दूध चुलीत पडून चुर्र वाजलं, तेव्हा आण्णा सोप्यावर बसून रडत होते, असं मला तवनाप्पानं पुढं सांगितलं. त्याच दिवशी त्यांनी नेम घेतला. घर पुन्हा एका चुलीवर येईल तोवर दूध सोडलं.

चार म्हशींचा धनी आणि दूध पीत नाही. ताक चालायचं, दूध नाही. मी तपासणीला गेलो की डाव्या दारातून एक कप यायचा, उजव्या दारातून दुसरा, दोन्हींवर बोटभर साय. आणि माझ्यासमोर आण्णा गवती चहाचा काळा काढा घेऊन बसायचे, औषधासारखा.

मी विचारायचो, "आण्णा, चुली किती?"

"दोन," आण्णा म्हणायचे आणि मान फिरवायचे.

तेवढं झालं की तपासणी संपायची. दुसऱ्या घरात मी थोडा संशय घ्यायचो, धुराड्याकडं बघायचो. इथं कधी बघितलं नाही. उजवीकडच्या धुराड्यातून धूर निघताना मला कधी दिसला नव्हता, पण आण्णांनी दोन म्हटल्यावर धुराला कोण विचारतो. लाकूड चांगलं वाळलेलं असेल, असं मी मानायचो.

आण्णांनी स्वतःचीही वाटणी केली होती. एक दिवस डाव्या दारातून ताट यायचं, एक दिवस उजव्या. ते सोप्यावरच जेवायचे आणि जेवण झालं की ज्या त्या दाराकडं तोंड करून, कुणाला कमीजास्त वाटू नये म्हणून, अभिप्राय द्यायचे. आज थोरलीची आमटी झकास होती, जरा तिखट होती इतकंच. दुसऱ्या दिवशी, धाकटीच्या आमटीला थोरलीची चव नाही, पण पोटाला हलकी. तराजू धरल्यासारखं चालायचं सगळं.

कोटा घालायला एक ठराव पुरला होता. उठवायला दोन वर्षं लागली. संघानं पावडरचा कारखाना काढला, आणि मग एकदम सगळं दूध अंगावर येईल या भीतीनं टप्पे पाडले. आधी फक्त सकाळचं दूध मोकळं, मग संध्याकाळचं, आणि शेवटी जास्तीची कार्डं परत घेऊन पुन्हा एका घराला एक कार्ड. हे लोकांना समजावून सांगायचं काम माझं. मला वाटलं होतं, लोक मला खांद्यावर घेतील. ज्यांनी आठ वर्षं कोट्याला शिव्या घातल्या होत्या तेच लोक गाडी अडवून विचारायला लागले, की साहेब, कोटा काढून घेताय म्हणजे आमचं काय चुकलं. एका गावात एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की माझा काढा, हरकत नाही, पण शेजारच्याचा राहू द्या. पहिल्या मोकळ्या सकाळी तर सगळ्यांनी मोजून तेवढंच दूध आणलं. हातांना सवयच लागली होती. कासेत दूध असताना धार थांबायची.

आंबेघोलला मात्र एक माणूस दिवस मोजत होता.

"सायेब," आण्णा मला म्हणाले, "तुमी लिवून भिंत घालाय लावलीसा. आता पाडायला पण तुमीच या. पहिला घाव माझा. आणि भिंत पडली की तिथंच, विटांच्या ढिगावर बसून दूध पिणार मी."

मी येतो म्हटलं. ते घुटमळले. काढ्याचा पेला हातात फिरवत राहिले.

"एक सांगतो, कुणापाशी बोलू नका. ह्या दोगी माझ्यासमोर एकमेकीशी बोलत न्हाईत. आत कायतर कुजबुज असती, मी खाकरलो की बंद. घर मी फोडलं सायेब, दुधासाठी. भिंत पाडता येती. पण आत मनंच वेगळी झाली असतील तर काय पाडू?"

मी म्हणालो, तसं काही नसेल. सरकारी आवाजात म्हणालो, त्यामुळं त्यांचं समाधान झालं नाही.

ही बातमी चेअरमनांच्या कानावर गेली आणि त्यांनी तिचा समारंभ केला. कोटामुक्तीचा मुख्य कार्यक्रम आंबेघोलला, आणि भाषणानंतर मगदुमांच्या घरातली भिंत पाडून एकीचा संदेश. त्यांच्यासाठी वेगळी पहार आणली होती, चंदेरी रंग दिलेली, फीत बांधलेली. फोटोवाला आणला होता. शिवाय हलगीवाले आणले होते, कसलेले, एकदा सुरू झाले की समोरच्याच्या छातीत वाजणारे.

भाषण म्हशीनं आवरतं घेतलं. मग हलगी सुरू झाली आणि मिरवणूक निघाली. पुढं काशी, तोंडात शेवटचा झेंडू. मागं आण्णा आपली साधी पहार खांद्यावर घेऊन, वयाला न शोभणाऱ्या वेगानं. वाटेत घरोघर भिंती पडत होत्या. मातीचा लोळ दारातून बाहेर यायचा आणि पाठोपाठ शिंकणारी, हसणारी माणसं. एका घरातून दोन भाऊ धुळीनं एकाच रंगाचे होऊन निघाले. त्यांच्या आईनं चुकून थोरल्याला धाकट्याच्या नावानं हाक मारली आणि मग चूक न सुधारता त्यालाच जवळ घेतलं. कुणीतरी कढईभर बासुंदी रस्त्यावर आणून ठेवली. मी पेला घेतला. तपासणी संपली होती, पण सवय होती.

मगदुमांच्या सोप्यावर आलो, तर आतली दोन्ही दारं बंद.

आण्णांनी खाकरून बघितलं. एरवी खाकरलं की आतला आवाज बंद व्हायचा. आज झाला नाही, कारण हलगीत खाकरणं ऐकूच गेलं नसणार. मी हलगीवाल्यांना हात केला, ते थांबले, आणि आतलं बोलणं आम्हां सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"तुझ्यापायी झालं हे सगळं," राजमती म्हणत होती.

"माझ्यापायी? पहिली वीट कुणी काढली?"

"मी काढली. पण मागितलं कुणी?"

"मागितलं व्हय मी? रडत हुतो नुसती. अक्का, मी त्यास्नी तोंड दाखवणार न्हाई. तुमी काय करायचं ते करा."

"मी तरी कुठल्या तोंडानं दाखवू? दार उघडायचं न्हाई म्हणजे न्हाई."

आमच्या त्या भागातल्या बायका बोलताना 'हुतो' म्हणतात, त्यामुळं कोण बोललं याचा चेअरमनांच्या फोटोवाल्याला घोटाळा झाला. बाकी कुणाला झाला नाही. आण्णांनी मुलांकडं बघितलं. मुलांनी स्वतःच्या पायांकडं.

"आदगोंडा, दार उघडाय सांग."

"ऱ्हाऊ दे की आण्णा," आदगोंडा म्हणाला. "भिंत काय खाती का पिती? ऱ्हाईना हाय तिथं."

"तवना?"

"दादा म्हणतोय ते बराबर हाय," तवनाप्पा म्हणाला.

आण्णांनी पहार हळूच भिंतीला टेकवली. मोठा आवाज होऊ नये अशी. मग ते सोप्यावरच्या आपल्या बाजेवर बसले आणि एकदम म्हातारे दिसायला लागले. चेअरमनांनी चंदेरी पहार या हातातून त्या हातात घेतली आणि वेळ भरून काढण्यासाठी एकीचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. कुणीतरी त्यांना पाणी दिलं, तेव्हा ते थांबले.

"सायेब," आण्णा मला म्हणाले, "चूल तपासायचा अधिकार तुमास्नी हाय. आजवर आत गेला न्हाईसा. आज जावा. दोन चुली हायत, बरं. पण घरं बी दोन झाल्यात काय, तेवढं बघून मला खरं सांगा."

मी चपला काढल्या. डाव्या दाराला कान लावून म्हटलं, की संघाची शेवटची तपासणी आहे. आत थोडी कुजबुज झाली. मग कडी निघाली आणि राजमतीवहिनी म्हणाल्या, "एकट्यानं या."

मी आत गेलो. डोळे अंधाराला सरावले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही, की भांडणाऱ्या दोघी भिंतीच्या एकाच बाजूला होत्या. एकाच चुलीपुढं. राजमतीवहिनींनी मला आत घेऊन पुन्हा बसकण मारली आणि भाकरी थापायला लागल्या. पद्मावहिनी तव्यावरची उलटत होत्या. दोघींची नाकं लाल होती. एकाच काठवटीतलं पीठ दोघींच्या कोपरापर्यंत लागलेलं.

मधल्या भिंतीला कमरेइतक्या उंचीवर चार विटांएवढं खिंडार होतं. काठ हात लागून लागून तुळतुळीत झालेले. खिंडारात एक पाट बसवला होता, त्याच्यावर आण्णांचं ताट, वाटी, पेला, पालथे घातलेले. पलीकडं वाकून बघितलं. शेणानं सारवलेली स्वच्छ खोली, कोपऱ्यात वैरणीच्या दोन पेंढ्या, आणि आण्णांनी घातलेली ती दुसरी चूल. नवी कोरी. दूध उतू गेल्याचा एक जुना डाग सोडला तर तिच्यावर काजळी नव्हती. आणि तिच्या पोटात, जुन्या लुगड्याच्या घडीवर, एक कबरी मांजरी पाच पिल्लांना पाजत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. आजवरच्या तपासणीत माझ्याकडं इतक्या संशयानं कुणी बघितलं नव्हतं.

"तिसरं वेत हाय तिचं ह्या चुलीत," पद्मावहिनी म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. पहिल्या संध्याकाळी नव्या चुलीत ओली लाकडं पेटेनात. पद्मा धुरात रडत बसली. पलीकडून राजमतीला ते ऐकवेना. भिंत ओलीच होती. तिनं एक वीट सुरीनं कोरून काढली आणि त्यातून अर्धी भाकरी दिली. आमटीची वाटी त्यातून जाईना, म्हणून दुसरी वीट काढली. ताटासाठी आणखी दोन. दुसऱ्या दिवशी विटा परत लावायच्या असं ठरलं होतं, ते राहूनच गेलं. मागच्या परसदारानं पद्मा इकडं यायला लागली. आण्णांचं ताट एक दिवस डाव्या दारातून जायचं, एक दिवस खिंडारातून पलीकडं जाऊन उजव्या. भाऊ दोघे गुपचूप डावीकडंच जेवायचे. गावाला माहीत होतं.

"म्हणजे माझे दोन कप," मी विचारलं.

"एकाच पातेल्यातले," राजमतीवहिनी म्हणाल्या. "तुमी नेहमी दुसरा चांगला हाय म्हणायचासा."

सगळ्या आंबेघोलमध्ये हे फक्त दोघांना माहीत नव्हतं. एक मी आणि दुसरे आण्णा. मला न सांगण्याचं कारण उघड होतं. आण्णांना न सांगण्याचं कारणही मीच होतो. त्यांना कळलं असतं, तर मी विचारल्यावर त्यांनी एक म्हणून सांगितलं असतं, आणि दुसरं कार्ड त्याच दिवशी गेलं असतं.

"पण त्यांनी दूध सोडलं," मी म्हणालो.

भाकरीवरचा हात थांबला. "दर सालाला ठरवायचो, औंदा सांगू," राजमतीवहिनी म्हणाल्या. "सांगावं तर त्यांचा शब्द खोटा पडतोय. न सांगावं तर म्हातारा माणूस काढा पितोय. त्यांनी आयुष्यात खोटं बोललं न्हाई, आणि आमी त्यांच्याकडनं आठ वरसं बोलवून घेतलं. आता भिंत पाडली की हे सगळं त्यांच्याम्होरं येणार. म्हणून दार लावलं."

मी सोप्यावर आलो. खोटं बोलणं हा माझ्या नोकरीचा भाग होता आणि त्यात माझा हात चांगला होता. चुली व्यवस्थित आहेत, भिंत थोडे दिवस राहू द्या, हे वाक्य मी तोंडात तयार ठेवून बाहेर आलो होतो. आण्णांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या वाक्याचं काही चालेना.

"आण्णा," मी म्हणालो, "तुम्हीच आत या."

भिंत घातल्यापासून ते स्वयंपाकघरात गेले नव्हते. उंबऱ्याशी वाकून गेले. मी मागोमाग. दोघी उभ्या राहिल्या, पदर सावरून, भिंतीला पाठ लावून, खिंडार झाकायचा प्रयत्न करत. ते दोघींनी मिळूनही झाकलं जात नव्हतं.

आण्णांनी काठवट बघितली. तवा बघितला. मग खिंडारापाशी गेले आणि दोघी बाजूला झाल्या. त्यांनी पाटावरून हात फिरवला. तुळतुळीत काठ चाचपले. आपला पालथा पेला ओळखला. पलीकडं वाकून चूल बघितली, आणि बराच वेळ तसेच वाकून राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा मी आणि दोन्ही वहिन्या एकदम पुढं झालो. ते हसत होते. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी काढत.

"कालची आमटी कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," राजमतीवहिनी म्हणाल्या.

"आणि परवाची?"

"ती पण माझीच. भाकरी हिच्या."

"आणि मी सांगत हुतो, धाकटीची पोटाला हलकी." त्यांनी डोळे पुसले. मग एकदम गंभीर होऊन माझ्याकडं वळले. "सायेब, म्हणजे मी तुमास्नी आठ वरसं खोटं सांगितलं?"

मी आयुष्यात बरेच निर्णय दिले, पण इतक्या अपेक्षेनं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, "नाही आण्णा. मी चुली किती एवढंच विचारत होतो. पेटतात किती, असं कधी विचारलं नाही. चुली दोनच आहेत. आत्ता बघून आलो."

त्यांनी यावर विचार केला. खरोखर केला, बोटं हनुवटीला लावून. मग मान हलवली. पटल्यासारखी.

"घर फुटलंच न्हवतं," ते म्हणाले. हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं नाही. "पद्मा, दूध दे."

पद्मावहिनींनी पेला उलटा केला. चुलीवरच्या पातेल्यातलं दूध ओतताना थोडं सांडलं. आण्णा खाली, चुलीपुढं, मांडी घालून बसले आणि दोन्ही हातांनी पेला धरून प्याले. सायीसकट. मधे थांबले नाहीत. राजमतीवहिनी पदराआड काय करत होत्या ते मी बघितलं नाही. भाकरी मात्र करपली, ते वासावरून कळलं.

पेला खाली ठेवून आण्णा म्हणाले, "थोरलीच्या हातचं जरा जास्त आटलेलं असतं. पण हे बी बरं हाय."

"आटवलंय मीच," राजमतीवहिनी म्हणाल्या, आणि मग त्या दोघींना हसू आवरेना, आणि त्या एकमेकींच्या अंगावर कोसळल्या, पिठाच्या हातांसकट.

बाहेर आतला हसण्याचा आवाज गेला असणार. हलगीवाल्यांना तो इशारा वाटला. त्यांनी जोरात सुरुवात केली. आम्ही सोप्यावर आलो, तर अंगण भरलेलं, फोटोवाला खुर्चीवर चढलेला, आणि उंबऱ्यात चेअरमन, चंदेरी पहार उंच धरून, चेहऱ्यावर एकीचा संदेश घेऊन उभे. कोट्याच्या अंधारयुगानंतर, ते म्हणत होते, आज या पवित्र वास्तूतली दुजाभावाची भिंत. पुढचं हलगीत बुडालं.

आण्णा पुढं झाले. मिशीवर साय होती. ती बघून आधी पुढच्या रांगेतली माणसं बोलायची थांबली, मग मागची, आणि मग त्यांच्या मुलांना ती दिसली. तवनाप्पा भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. आण्णांनी चेअरमनांच्या हातातली पहार हळूच काढून घेतली आणि माझ्या हातात दिली, जपून, फीत चुरगळू न देता. मग त्यांनी हात जोडले. एवढ्या मोठ्या सभासदाचं मनोगत म्हणून चेअरमनांनी माइक पुढं केला, आणि सगळं गाव ऐकायला वाकलं.

"चेअरमनसाहेब," आण्णा म्हणाले, "हलगी तेवढी पलीकडच्या आळीला न्हेता काय? चुलीत पिल्लं निजल्यात."